पुढच्या शॉकअपचं तेल निवडताना डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गळायला लागलं की गॅरेजमध्ये प्रश्न येतो, 'दहा टाकू की पंधरा?' हा प्रश्न अर्धवट आहे. शॉकअप ऑइलच्या डब्यावरचे ५डब्ल्यू, १०डब्ल्यू हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने छापते. एका कंपनीचं ५डब्ल्यू ४० अंश सेल्सियसला १६ सेंटिस्टोकच्या (तेलाची जाडी मोजायचं एकक) आसपास असतं, तर दुसरीचं २६ च्या पुढे. डबा बदलला की आकडा तोच असूनही शॉकअपची चाल बदलते ती यामुळे.

म्हणून तेलाची डेटा शीट (कंपनीचा माहितीचा कागद) काढा आणि ४० अंशांना किती सेंटिस्टोक ते बघा. कुठे 'चौरस मिलिमीटर प्रति सेकंद' असं लिहिलेलं असेल, तरी आकडा तोच. शेजारीच व्हिस्कॉसिटी इंडेक्स दिलेला असतो. तो जितका जास्त, तितकं तेल तापल्यावर कमी पातळ होतं. घाटात किंवा खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी चालवल्यावर पुढचं चाक उड्या मारत असेल, तर जाड तेलाच्या मागे लागण्याआधी हा इंडेक्स तपासा.

आता शॉकअप कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. ११० ते १६० सीसीच्या बहुतेक गाड्यांत आत भोकं पाडलेली साधी डॅम्पर रॉड असते. तिथे तेल त्या भोकांतून ढकललं जातं आणि चाल बदलायला आपल्या हातात तेलाशिवाय फारसं काही नसतं. कार्ट्रिजवाल्या शॉकअपमध्ये (आत वेगळा बंद नळकांड्याचा भाग असलेल्या) तेल अडवायचं काम पातळ पत्र्याच्या चकत्या करतात. त्यांची मांडणी पातळ तेल धरून केलेली असते. तिथे १५डब्ल्यू ओतलं की क्लिकर (चाल कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवूनही उपयोग होत नाही.

तेलाबद्दलची सर्वात मोठी गैरसमजूत ब्रेकच्या बाबतीत आहे. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक फार खाली जातं, म्हणून जाड तेल टाकतात. वजन पेलते ती स्प्रिंग. तेल फक्त वेग ठरवतं. जाड तेलाने नाक सावकाश खाली जाईल, पण जाईल तितकंच. उलट वर यायलाही शॉकअप वेळ घेईल. लागोपाठ खड्डे आले की पूर्ण वर यायच्या आत पुढचा दणका बसतो, शॉकअप खाली-खाली बसत जातो आणि हँडलला हादरे लागतात. नाक फार खाली जात असेल तर दोष स्प्रिंगचा आहे, तीच बदला.

इंजिनचं २०डब्ल्यू४० वापरू नका. ते ४० अंशांना १०० सेंटिस्टोकच्या वर असतं, म्हणजे १०डब्ल्यू शॉकअप ऑइलच्या जवळपास तिप्पट. ब्रेक ऑइल तर अजिबात नको, सील खराब होतात. दोन जाडीची तेलं मिसळायची असतील तर एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली घ्या. निम्मं-निम्मं घेतलं तर येणारी जाडी सरासरीपेक्षा थोडी कमी भरते.

सुरुवात गाडीच्या मॅन्युअलमधल्या तेलापासूनच करा. बदल करायचाच तर ४० अंशांच्या आकड्यात चौथा हिस्सा वर किंवा खाली, एकदम दुप्पट नाही.

भरताना खरी गफलत मापात होते. मॅन्युअलमध्ये कधी दोन आकडे असतात, एक नुसतं तेल बदलण्याचा आणि एक शॉकअप पूर्ण उघडून पुसल्यावरचा. जुनं तेल ओतून टाकलं तरी थोडं आत चिकटून राहतं, म्हणून पहिला आकडा कमी असतो. मिलीलिटरपेक्षा पातळी मोजणं जास्त भरवशाचं. इंजिनखाली टेकू देऊन चाक उचला. आधी वरच्या टीचा (शॉकअपचे दोन्ही पाईप पकडून ठेवणारी पट्टी) बोल्ट सैल करा, मग पाईप अजून खालच्या टीत घट्ट असतानाच टोपी सैल करा. नंतर हातात धरून ती उघडायला गेलात तर पाईप फिरत राहतो. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेवा.

मग शॉकअप गाडीतून काढा आणि उलटा करून पंप करत तेल काढा. काळं-राखाडी तेल झिजेचं असतं. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, सील बदला. नवं तेल ओतून दहा-बारा वेळा पंप करा, बुडबुडे बसेपर्यंत दहा मिनिटं थांबा. मग स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला आणि सरळ उभा ठेवून, पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. बाहेरून ३० मिमी जाड पाईपमध्ये १० मिमी म्हणजे जेमतेम ५ मिली, त्यामुळे एका बाजूला १० मिलीची चूकही २० मिमीचा फरक पाडते. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. (काही गाड्यांत स्प्रिंग एका पायात आणि डॅम्पिंग (चाल आवरायचं काम) दुसऱ्या पायात असतं, तिथे मात्र मॅन्युअलचे वेगवेगळे आकडे पाळा.)

तेलावरची हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखी काम करते. तळाला ठोका बसत असेल तर ५ मिमी तेल वाढवून बघा. फार भरलं तर हवेला दबायला जागाच उरत नाही आणि सील बाहेर फेकले जातात.

शेवटी पाईपवर सीलला टेकवून प्लॅस्टिकची पट्टी हलकी बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. पट्टी टोकाला पोचली असेल तर पातळी वाढवा किंवा स्प्रिंग बदला. पाईपवर अर्ध्यापर्यंतही सरकली नसेल तर तेल जाड आहे किंवा जास्त भरलंय.