लेकरं सांभाळत घरबसल्या काम करायचंय? आधी "घरबसल्या कमवा"वाल्यांना ओळखा

घरात लहान लेकरू असेल तर दुपारी दीड ते चार ही वेळ कशी असते ते सांगायला नको. बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलर घरघरतोय, पोरगं एकदाचं झोपलंय आणि हातात फोन. नेमकं त्याच वेळेला "गृहिणींसाठी सुवर्णसंधी", "फक्त मोबाइल पाहिजे, रोज २ तास, महिना ३० हजार" अशा जाहिराती येऊन राहतात. हा काही योगायोग नाहीये. तुम्ही डायपरचे भाव शोधले, बाळाच्या खाण्यापिण्याच्या पेजला लाइक केलं की ॲपला अंदाज येतो घरात कोण आहे, आणि जाहिरात देणाऱ्याला वय, गाव, आवड असं निवडून ती दाखवता येते. म्हणजे जळगाव-धुळ्याकडची तिशीतली आई निवडून तिच्यासमोर तीस हजाराचं गाजर धरता येतं, तेही फार खर्च न करता.

मी घरूनच दुकानदारांच्या बिलांची टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री करते, आणि होळीनंतर पापड-बिबड्यांच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे घरून काम होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतं. पण खरं काम आणि कामाच्या नावाची लूट ह्यांची जाहिरात अगदी सारखी दिसते, म्हणून हे लिहून राहिले.

आधी वेळ मोजा, काम नंतर शोधा. झोपलेल्या लेकराजवळ बसून फोनवर बोलायचं काम जमत नाही, एंट्रीचं, शिवणाचं, पॅकिंगचं जमतं, कारण ते मधेच टाकून उठता येतं. लेकरू शाळेत जात असेल तर शिकवणी, कस्टमर कॉल वगैरे चालतं. लाइट जाते हे गृहीत धरा, राउटरला छोटा यूपीएस लावा. बस, ह्यावर ह्यापेक्षा जास्त डोकं लावायची गरज नाही, अर्धं वेळापत्रक तर लेकरूच ठरवतं.

आता मुद्द्याचं. माझी सासू अमळनेरकडची, तिला ऑनलाइन वगैरे काही कळत नाही, पण असं कुठलंही काम सांगितलं की ती एकच विचारते, "पन पैसा कथाईन येस वं माय?" म्हणजे पैसा कुठून येतो? आणि हाच प्रश्न प्रत्येक जाहिरातीला विचारायचा. मला जे पैसे मिळणार ते कोणाच्या खिशातून येणार, आणि तो माणूस ते का देईल? दुकानदार मला पैसे देतो कारण त्याला जीएसटीचं रिटर्न भरायचंय. सुरतच्या उधन्यातली वहिनी पापडाचे पैसे देते कारण तिला खान्देशातले उडदाचे पापड पाहिजेत. आता हाच प्रश्न बाकीच्यांना लावून बघा.

व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबर, "व्हिडिओ लाइक करा, एका लाइकचे ५० रुपये". कोण देईल हो एका लाइकचे पन्नास? पण गंमत अशी की पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे खरंच खात्यात येतात, आणि तिथेच माणूस फसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, तिथे शंभरेक लोक "मला आज ४ हजार मिळाले" म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात, ते बरेचसे त्यांचेच लोक किंवा त्यांचेच दुसरे नंबर. मग "प्रीपेड टास्क", १ हजार भरा, १३०० घ्या. तेही देतात! मग ५ हजार, मग २०, आणि त्यांच्या साइटवर तुमचा नफा वाढत जाताना दिसतो पण काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा", "तुमचा टास्क चुकला, पूर्ण करायला अजून भरा". साइटवरचा तो आकडा नुसता आकडा असतो, त्याच्यामागे पैसा नाही. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ते सुरुवातीचे दोनशे रुपये बऱ्याचदा दुसऱ्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असतात, त्याने तक्रार केली की साखळीतली खाती गोठवतात आणि त्यात तुमचंही खातं अडकू शकतं. म्हणून पहिले दोनशे घेऊन बाजूला होऊ अशी हुशारीसुद्धा नको.

टायपिंगचं काम वेगळ्या प्रकारे लुटतं, आणि हे मला जास्त वाईट वाटतं कारण ह्यात बाई खरंच मेहनत करते. काम देतात, करारावर ऑनलाइन सही घेतात, आधार-पॅनचा फोटो घेतात, चार-पाच दिवसात इतकी पानं आणि चुका जवळजवळ शून्य अशी अट. रात्र रात्र जागून, लेकराला मांडीवर घेऊन पानं पूर्ण केली तरी शेवटी "क्वालिटी फेल". मग "वकील" फोन करतो, करार मोडला, पाच-सहा हजार भरा नाहीतर कोर्टात केस. लाल शिक्क्याची नोटीस व्हॉट्सॲपवर येते. घाबरून पैसे भरू नका. कोर्टाच्या कागदावर क्यूआर कोड लावून आज संध्याकाळपर्यंत पैसे टाका असं लिहिलेलं नसतं. एकदा भरले की पुढच्या आठवड्यात दुसरा "वकील" येतो. धमकीचे मेसेज जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

पेन्सिल पॅकिंग, अगरबत्ती पॅकिंगचं तर सरळ आहे. कच्चा माल घरपोच येईल, आधी ओळखपत्राचे ६२० रुपये, मग कुरिअरचे, मग ट्रक चेकपोस्टला अडकला त्याचे. आता पेन्सिली मशिनवर पॅक होत असताना कुठली कंपनी ट्रक भरून भुसावळच्या एका फ्लॅटवर पाठवेल? काम देणारा पैसे देतो, मागत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, किट, डिपॉझिट, कुठल्याही नावाने आधी मागितले की फोन ठेवा.

"तुमचं बँक खातं वापरायला द्या, महिना १० हजार" हे काम म्हणून सांगितलं जातं, त्यात चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. नवरेलोकांना असंच गाजर शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपातून दाखवतात. टिप देणारा सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला आहे का ते सेबीच्या साइटवर फुकट बघता येतं, पण दुसऱ्याचा नोंदणी नंबर चोरून वापरणारेही आहेत, तेव्हा पैसे कोणाच्या खात्यात जाऊन राहिले ते नाव आधी बघा.

सगळ्यात अवघड प्रकार मात्र अनोळखी नंबरचा नसतोच, तो आपल्या मावसबहिणीचा असतो. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला माहेरी गेलं की झोक्यावर बसल्या बसल्या विषय निघतो, "अगं एक झूम मीटिंग आहे, फक्त ऐक". कोर्स घ्यायचा, आणि मग तोच कोर्स दुसऱ्यांना विकून कमिशन घ्यायचं. किंवा पावडर-साबण घ्यायचे आणि खाली "टीम" बांधायची. सासूचा प्रश्न विचारा, पैसा कथाईन येस? माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकून येत असेल तर तो धंदा आहे. नवीन माणूस जोडल्याचे येत असतील तर तो तुमच्याच जावेच्या, नणंदेच्या खिशातून येऊन राहिला. ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले, त्यात पिरॅमिड योजना चालवायला बंदी आहे आणि विक्रेता म्हणून जोडून घ्यायला प्रवेश फी घ्यायलाही बंदी आहे. हे बहिणीला शांतपणे सांगता येतं. नातं तुटू द्यायचं नसेल तर मी म्हणते, "तुझा साबण एक घेते, जॉइन नाही होणार, माझ्याकडे वेळच नाही." आणि परत विचारलं तर हेच वाक्य परत, नवीन कारण द्यायचं नाही, कारण प्रत्येक कारणाचं उत्तर त्यांना मीटिंगमध्ये शिकवलेलं असतं.

जाहिरात तपासायला पाच मिनिटं लागतात. फेसबुक-इन्स्टाची जाहिरात असेल तर मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना फुकट उघडी आहे, पेजचं नाव टाका, किती जाहिराती कधीपासून चालू आहेत ते दिसतं. पेजच्या माहितीत ते कधी बनलं आणि आधी नाव काय होतं तेही सापडतं, काल क्रिकेटचं पेज होतं आणि आज "महिला रोजगार" झालं असेल तर समजून जा. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव-पत्ता जुळतो का बघा. "ऑफर ०९ मिनिटांत संपणार" असं घड्याळ असेल तर तीच लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटोत (खाजगी विंडोत) उघडा, घड्याळ परत पहिल्यापासून सुरू झालं तर खोटं आहे. अशी खोटी घाई दाखवणं, गपचूप वस्तू कार्टात टाकणं, सबस्क्रिप्शन बंद करायचा रस्ताच लपवून ठेवणं, हे सगळं केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमांत येतं, एकूण १३ प्रकार त्यात दिलेत, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. कमाईच्या स्क्रीनशॉटवर तर अजिबात जाऊ नका, कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर कुठलाही आकडा दोन क्लिकमध्ये बदलता येतो.

आता समजा तुम्ही स्वतःच काही विकायला बसलात, केळीचे वेफर्स, काळा मसाला, नागलीचे पापड. तेव्हा लुटणारे वेगळ्या दारातून येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या साइट दीड-दोन हजार घेतात. खाण्याचा माल विकणार तर एफएसएसएआय ह्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी पाहिजेच, तीही त्यांच्या फोस्कॉस पोर्टलवर स्वतः भरता येते. मग एक "फौजी" फोन करतो, कॅम्पसाठी २० किलो पापड पाहिजेत, भावही करत नाही, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतो, "स्कॅन करा म्हणजे तुमच्याकडे येतील". पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे तुमचेच गेले. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला तरी आधी बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसू द्या, मग माल बांधा.

आणि मग फॉलोअर विकणारे, फाइव्ह स्टार रिव्ह्यू विकणारे येतातच. घेऊ नका. खोटे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत हे एक, पण दुसरं म्हणजे आपलं गिऱ्हाईक नात्यागोत्यातलं, सुरत-पुण्यात गेलेल्या आपल्याच लोकांचं, तिथे एक फसलेलं घर दहा घरांना सांगतं. पापड उन्हात वाळताना तसाच व्हिडिओ काढा, छतावरची मळकी चादर दिसली तर चादर बदला, व्हिडिओ खोटा करू नका. लेकराचा फोटो मात्र धंद्याच्या पेजवर नको, शाळेचा गणवेश दिसेल असा तर मुळीच नको. आणि ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे तो कार्टून बघायला देऊ नका, जुना फोन विना सिमचा द्या.

एवढं करून पैसे गेलेच तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त, म्हणून घरच्यांना काय सांगू ह्या विचारात संध्याकाळ घालवू नका. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या. नंतर काही दिवसांनी "आम्ही गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फाइल चार्ज भरा" असा फोन येऊ शकतो, फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तोही त्यातलाच.