चार्जर काढता आणि गिझर विसरता? वीज वाचवताना या चुका टाळा

वीज वाचवायची म्हटलं की लोक आधी मोबाइलचा चार्जर प्लगमधून काढतात. जरूर काढा. पण मोबाइल न लावलेला चार्जर वर्षभर तसाच राहिला तरी दोन-तीन युनिटच खातो. तेवढी वीज दोन हजार वॉटचा गिझर तास-दीड तासात ओढतो. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजूनही चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते आणि एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जातो. म्हणून युनिट नेमकी कुठे जातात, ते आधी बघा.

माझ्या मावशीने घरातले सगळे दिवे एलईडीचे केले, तरी बिल हलेना. मी गेलो, सगळी बटणं बंद करायला लावली, फ्रिजचाही प्लग काढला आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. वीज वापरली जात असली की मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, तो गप्प होता. मावसभाऊ म्हणाला, "बघ, काही नाहीये." पाच मिनिटांत उठायचं नसतं. पाऊण तासाने दिवा अचानक दीड-दोन मिनिटं झपाझप लुकलुकला आणि पुन्हा थांबला. मग मेन बोर्डावरचे एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे स्विच, एकेक करून पाडून शोधलं, तर बाथरूमच्या दारावरचं गिझरचं बटण चालू होतं! त्याचा इंडिकेटर कधीचा गेलेला, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टाकीतलं पाणी जरा निवलं की गिझर परत तापत होता, दिवसरात्र.

"थर्मोस्टॅट आहे ना, आपोआप बंद होतो," हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. तो बंद होतो तसा पुन्हा चालूही होतो. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट आणि पाव तास लागतो. मी बटण लावून चहा टाकतो आणि आंघोळीला शिरण्यापूर्वी बंद करतो.

एसी १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, तो नुसता जास्त वेळ चालतो. २४ वर ठेवा आणि पंखा लावा.

जुना, गरम होणारा डबा-रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करून फारसं वाचत नाही. उरलेली वीज त्या डब्यातच तापते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. पंखाच बदलायचा असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या. जुना पंचाहत्तर वॉट घेतो, हा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात.

फ्रिजच्या दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर दार घट्ट बसत नाहीये, त्याचं रबर बदला.

आणि कृपा करून पहिल्याच आठवड्यात सोलरचं कोटेशन मागवू नका. मी दर रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहितो. असे महिन्याचे आकडे समोर आल्याशिवाय काय विकत घ्यायचं, हे मी कुणालाच सांगत नाही.