गुलाबी शेवाळ धरतच नाही? विदर्भातल्या मरीन टँकमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

मरीन टँकसाठी, म्हणजे समुद्री जिवांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, दुकानातून आणलेला गुलाबी-जांभळा लाइव्ह रॉक (शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढलेला दगड) दोन महिन्यांत पांढराफटक पडला की पहिला संशय दुकानदारावर जातो. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. दगडावरचा तो गुलाबी थर म्हणजे कोरलाइन शेवाळ, लाल शेवाळांच्या कुळातलं. ते पेशींच्या भिंतीत चुना साठवतं, म्हणून हाताला दगडासारखं लागतं. समुद्रातल्या प्रवाळ भित्तीवर गवंडीकाम त्याच्याकडेच असतं. फुटलेले तुकडे ते सांधतं, आणि अनेक प्रवाळांची पोहणारी पिल्लं त्याचाच थर शोधून तिथे ठाण मांडतात. हा चुना मॅग्नेशियमवाला आणि लवकर विरघळणारा असतो. त्यामुळे पाणी थोडं बिघडलं तरी टाकीत पहिली तक्रार याचीच येते.

खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे

दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात एक युक्ती हमखास सुचते: बोअरचं पाणी आधीच खारट आहे, मग मीठ थोडं कमी टाकू. असं करू नका. त्या खारेपणातलं क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं, वर शेतातलं नायट्रेट येतं ते वेगळंच. लोणारचं पाणी तर विसराच. त्यात सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचा भर, पीएच 10 च्या आसपास. अशा पाण्यात कॅल्शियम विरघळून राहतच नाही. किराण्यातल्या खड्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम नावालाच असतं. रीफ सॉल्टच (मरीन टँकसाठीचं तयार मीठ) घ्या: लिटरला साधारण 35 ग्रॅम, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून 24 तास फिरवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की मगच टाकीत ओता.

घरचा आरओ चालेल का? एकटा नाही. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 1500 असेल तर चांगल्या मेम्ब्रेननंतरही 75 ते 150 उरतो. त्यात पिण्याच्या आरओला चवीसाठी मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो, आणि तो कंट्रोलर गाळलेल्या पाण्यात कच्चं पाणी परत मिसळतो. कार्ट्रिज काढा, कंट्रोलर पूर्ण बंद करा, पुढे डीआय (उरलेले क्षार शोषणाऱ्या) रेझिनची नळी जोडा. मीटरवर 0 ते 5 दिसलं पाहिजे.

चुना: इथेच सगळ्यात जास्त टाक्या बसतात

शेवाळाला लागणारं कॅल्शियम पुरवायला चुन्याची निवळी घालणं ही जगभरची मान्य पद्धत आहे. गडबड होते ती चुन्याच्या जातीत आणि मापात. पानाच्या डबीतला चुना किती शुद्ध आणि त्यात काय मिसळलंय, सांगता येत नाही. भिंतीच्या चुन्यात नीळ-डिंक असू शकतो. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या आणि डबा घट्ट बंद ठेवा, हवा लागली की त्याची खडू होते. लिटरभर डीआय पाण्यात 2 ग्रॅम ढवळा, रात्रभर झाकून ठेवा. वरची साय आणि तळाचा गाळ सोडून मधलं नितळ पाणीच वापरा. हातमोजे घाला, त्याचा पीएच 12 च्या वर असतो.

आता माप. उन्हाळ्यात 100 लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. ते सगळं निवळीने भरलं तर अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात) एका दिवसात 2.3 डीकेएच चढते. नव्या टाकीचा खप त्याच्या जवळपासही नसतो. मग पाणी ताकासारखं पांढरं होतं, हीटरवर आणि पंपावर कवच चढतं. असं झालं तर निवळी लगेच थांबवा आणि मॅग्नेशियम मोजा. ते 1250 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) खाली असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र टिकवणं अवघड जातं, कितीही ओता. आधी मॅग्नेशियम 1250-1350 वर आणा. नंतर निवळी रोज पाव लिटरपासून, रात्री, थेंबथेंब. बाकी भर साध्या डीआय पाण्याची.

लक्ष्य: कॅल्शियम 400-450 पीपीएम, अल्कलिनिटी 8-10 डीकेएच, फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या आत. फक्त अल्कलिनिटी कमी असेल तर 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा 1 डीकेएच वाढवतो. बेकिंग पावडर नव्हे. दिवसाला 1 च्या वर चढवू नका.

मे आणि जुलै

बाहेर पारा 45 च्या पुढे असताना पाण्यावर सोडलेला छोटा पंखा टाकी तीन-चार अंशांनी उतरवतो, कारण हवा कोरडी असते. पण खोलीत कूलर असेल तर हवा आधीच ओली, पंख्याचा जोर तिथे कमी पडतो. जुलैत दमटपणा आला की पंखा जवळजवळ निकामी; मे निभावला म्हणून निश्चिंत झालेल्यांची टाकी इथेच 30 वर जाते. पाणी 25 ते 27 अंशांवर राहायला हवं, तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाहीतर एसी. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअरपंप असू द्या.

उडालेल्या पाण्याची भर मिठाच्या पाण्याने घालू नका. मीठ टाकीतच राहतं.

पांढरा डाग कुठे आहे, ते आधी बघा

फक्त वरच्या, उजेडाकडच्या बाजूला असेल तर लाइट फार तीव्र आहे. मंद करून आठ तासांवर आणा. पाण्याच्या रेषेलगत पट्टा दिसला तर पातळी उतरून शेवाळ वाळलं. आडव्यातिडव्या ओरखड्यांचा अर्थ सागरी साळू (सी अर्चिन) चरतोय, आणि तो हे शेवाळ खातोच. सगळीकडून एकदम फिकट पडलं तर टेस्ट किट काढा.

लागण करायची असेल तर ओळखीच्या टाकीतला गुलाबी थर ब्लेडने खरवडून त्याच खाऱ्या पाण्यात आणा, पॉवरहेडसमोर सोडा, फिल्टरचा बारीक स्पंज काही तास काढून ठेवा. ठिपके दिसायला दीड-दोन महिने लागतात.

आणि मालवण-रामेश्वरमच्या सहलीतून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, मेलेला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये प्रवाळ आहेत. सिरॅमिक रॉकवरही हे शेवाळ तितकंच चांगलं धरतं.