आम्लाचे चार थेंब आणि माझे तीन महिने

'हृदयाच्या पेशींतल्या लिपिडवर काम करते' असं सांगलीत सांगितलं की पुढचा प्रश्न कोलेस्टेरॉलचाच येतो. मामांनी तर मिरजेहून आणलेला लिपिड प्रोफाइलचा रिपोर्टच माझ्यापुढे धरला. त्यांना काय सांगणार? माझं लिपिड रक्तात नसतंच, ते पेशीच्या पटलात बसलेलं असतं. नाव पिप-टू, प्रमाण अगदी थोडं. अँजिओटेन्सिन-टू हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की फॉस्फोलायपेज-सी नावाचं विकर पिप-टूचे दोन तुकडे करतं, डॅग आणि आयपी-थ्री. डॅग पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या दुसऱ्या विकराला कामाला लावतं, तर आयपी-थ्री आत सुटतं आणि साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतं.

इथवर बी.एस्सी.चं पुस्तक पुरतं. पीएचडीच्या मुलाखतीत मात्र विचारलं, "हृदयात दर ठोक्याला कॅल्शियम उसळतंच, मग आयपी-थ्रीचं चिमूटभर कॅल्शियम पेशीला वेगळं कळतं कसं?" मी गप्प. खरं तर सगळा विषय याच प्रश्नात आहे. ठोक्याचं कॅल्शियम मुख्यतः रायनोडीन रिसेप्टर या साठ्याच्या दारांमधून येतं. आयपी-थ्रीचे रिसेप्टर त्यामानाने फारच कमी, पण त्यातले बरेचसे केंद्रकाच्या आवरणाशी असतात. तिथे सुटलेलं कॅल्शियम जनुकांपर्यंत पोचतं, आणि स्नायू जाड होण्याशी त्याचा संबंध लावला जातो. म्हणजे किती सुटलं यापेक्षा कुठे सुटलं ते बघायचं.

प्रयोगाच्या टेबलावर वेगळीच गंमत. ऊतीतून लिपिड काढायची 1957 सालची फोल्च पद्धत, दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल. बाकी लिपिडं झकास निघायची, पिप-टू सापडेना. तीन महिने उंदरांची हृदयं वाया गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. पिप-टूवर ऋणभार जास्त, ते प्रथिनांना धरून बसतं. द्रावकात हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्याशिवाय नीट सुटत नाही. प्रयोगशाळेच्या वहीत पद्धत उतरवताना नेमकी तीच ओळ कुणाकडून तरी गळली होती. मीही मूळ पेपर उघडला नव्हता, हे कबूल करते. पॉलिस्टायरीनच्या नळ्याही वापरू नका, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात. काचेच्याच घ्या.

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजात उंदीर नसले तरी अंडी मिळतात. बलकातलं लिपिड काढा, सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर द्रावकाने चालवून त्यातले घटक वेगळे करा आणि आयोडीनच्या वाफेत ठेवा. पिवळट तपकिरी ठिपके दिसले की फोटोच्या नादी लागण्याआधी पेन्सिलने गोल करा; हवेत ते लवकर उडून जातात.