चॉकलेटच्या फुलाची पाकळी तुटू नये म्हणून

साच्यातून काढताना चॉकलेटच्या गुलाबाची पाकळी हमखास तुटते, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तर फूल हातातच मऊ पडतं. डोहाळजेवणाच्या ताटात मांडायची असतील तर असं करा.

१. साधं चॉकलेट न घेता कंपाउंड चॉकलेट घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, त्यामुळे टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला तापवून-थंड करण्याची, कटकट नाही. चव थोडी कमी, पण फुलांना चालते.

२. बारीक चिरून गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका.

३. सिलिकॉनचा साचा अगदी कोरडा हवा. आधी ब्रशने पाकळ्यांच्या कडांना पातळ थर द्या, दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग साचा भरा. खरी युक्ती हीच: कडा जाड होतात आणि हवेचे बुडबुडेही राहत नाहीत.

४. साचा ओट्यावर हलकेच आपटून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझर नको, बाहेर काढल्यावर फुलांना घाम फुटतो.

५. फूल ओढू नका, साचा उलटा सोला.

रंग द्यायचा तर तेलात मिसळणाराच घ्या. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा होतो.