सही करण्याआधी तीन तारखा मांडा

मी 57 वर्षांची असताना एका दुपारी माझ्यापुढे राजीनाम्याचा टाइप केलेला कागद आला. 'सगळेच करताहेत' म्हणाले, मी सही केली, आणि बेकारी भत्ता अडकला. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून लिहिते आहे.

कागद घरी न्या. कुणी कितीही घाई केली तरी एक दिवस मागून घ्या. मग एकाखाली एक तीन तारखा लिहा: तुमची जन्मतारीख, नोकरीचा शेवटचा दिवस, भत्त्याचा नवा नियम लागू होण्याचा दिवस. भत्ता किती महिने मिळणार हे बऱ्याच देशांत वयाच्या टप्प्यावर ठरतं, आणि नियम बदलले की हे टप्पेच सरकतात. फ्रान्समध्ये 55 वर्षं पूर्ण असली की कमाल 27 महिने भत्ता मिळे. 1 एप्रिल 2025 पासून त्यासाठी 57 पूर्ण लागतात. पंचावन्नाव्या वर्षी आता साडेबावीस महिनेच. वाढदिवस तोंडावर असेल तर शेवटचा दिवस पुढे ढकलून मागा. पण नवा नियम त्याआधीच लागू होणार असेल तर थांबण्यात नुकसानही होऊ शकतं, म्हणून तिन्ही तारखा एकत्र बघायच्या.

आता कागदावरचे शब्द. मी इथेच फसले. जर्मनीत सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली की साधारण 12 आठवडे भत्ता रोखतात, शिवाय एकूण मुदतीचा निदान चौथा हिस्सा कापतात. तरुणाच्या 12 महिन्यांतले तीन जातात. 58 वर्षांच्या माणसाचा हक्क 24 महिन्यांचा असेल तर सहा! 'परस्पर संमतीने' असं लिहिलं तरी तिथे सहसा हेच होतं. नोकरकपात असेल तर 'नोकरकपात' असंच लिहून मागा.

भत्ता ज्या बेकारी विम्यातून मिळतो त्याच्या हप्त्यांची नोंद मागवून मधले खाडे तपासा. भत्ता संपण्याचा महिना आणि पेन्शन सुरू होण्याचा महिना यांत किती अंतर पडतं तेही मोजा. बचत त्या महिन्यांसाठी राखायची.

'या वयात कोण विचारणार' म्हणून अर्ज करणं सोडू नका. नेदरलँड्समध्ये साडेसत्तावन्न वर्षांवरच्या बेकारांना काम शोधण्याची सक्ती नसे. 2004 पासून नव्याने बेकार होणाऱ्यांची ती सवलत गेली. एक वही करा: तारीख, जागा, उत्तर. उत्तर न आलेले अर्जही त्यात लिहा.