एफजी स्टोअरला नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

चाकण-भोसरी पट्ट्यात ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एफजी स्टोअर, म्हणजे तयार मालाचं खातं, वाट्याला आलं की बरेच जण तोंड पाडतात. प्रॉडक्शन नाही, क्वालिटी नाही, नुसतं मोजत बसायचं! मला विचाराल तर अख्खी कंपनी दिसते ती याच खात्यातून.

आल्याआल्या एक गोष्ट विचारून घ्या: आपल्याकडे माल एफजी नेमका कधी धरतात? मशीनवरून उतरल्यावर, की पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीची तपासणी, होऊन हिरवा टॅग लागल्यावर? प्रॉडक्शनवाले शिफ्ट सुटताना सिस्टीमला आकडा टाकून मोकळे होतात. माल मात्र अजून तपासणीच्या टेबलाशीच असतो. 'स्टॉक जुळत नाही' म्हणून होणारी बरीचशी आरडाओरड या मधल्या काही तासांची असते.

फरक आला तर लगेच पुन्हा मोजायला धावू नका, आधी फरकाचा आकडा बघा. समजा एका बिनमध्ये, म्हणजे पार्ट ठेवायच्या क्रेटमध्ये, ४० नग बसतात. तूट ४० किंवा ८० ची असेल, तर बिनच दुसरीकडे ठेवली गेलीय किंवा एखादी एन्ट्री राहिलीय. तूट ७ ची असेल तर सुटे नग शोधा. क्वालिटीने सॅम्पल नेलेले असतात आणि परत द्यायचं कुणाच्या लक्षात नसतं. एलएच (डावा) ४० ने कमी आणि आरएच (उजवा) ४० ने जास्त दिसला, तर सरळ टॅग तपासा. डावा-उजवा पार्ट रात्रपाळीत भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर, हे भिंतीवर लिहिलेलं असतं, पाळायचं की नाही ते फोर्कलिफ्टवाला ठरवतो. नवी बिन पुढे ठेवणं त्याला सोयीचं, जुनी मागे अडकते आणि पावसाळ्यात तेल लावलेल्या पार्टवरही गंज धरतो. दर महिन्याला बिनवरच्या महिन्याच्या टॅगचा रंग बदला, म्हणजे जुनी बिन लगेच ओळखू येईल. फोर्कलिफ्टवाल्याशी दोस्तीही ठेवा.

महिनाअखेरीला सेल्सचा फोन येतोच: 'आज बिल काढून टाका, गाडी उद्या जाईल.' इथे ठाम राहा. बिल निघालं की सिस्टीममधून स्टॉक उतरतो, माल मात्र आपल्याच आवारात. ३१ मार्चला ऑडिटर शेवटचा बिल नंबर आणि शेवटचा गेटपास शेजारी-शेजारी ठेवून बघतात, तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. शिवाय ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीच्या जीएसटी कागदाचा, भाग-ब (गाडीचा तपशील) भरला की मुदत चालू होते, साध्या मालाला २०० किमीपर्यंत एकच दिवस. गाडी गेटवर उभी राहिली तरी तो दिवस जातोच.

पडून राहिलेला माल परस्पर भंगारात काढू नका. हिशोबात तयार माल बनवण्याचा खर्च किंवा विकून मिळणारी निव्वळ किंमत, यातल्या कमी आकड्याने धरतात, आणि राइट-ऑफ केलेल्या (हिशोबातून काढून टाकलेल्या) किंवा नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. अकाउंट्सची लेखी मंजुरी आली की मगच बिन हलवा.